सात नंबरच्या डब्यातला सांधा

अण्णा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमच्या सायकलच्या दुकानाच्या जागी आधी झेरॉक्सवाला आला, मग मोबाइलवाला आला, आणि आता तिथे एक पोरगी केकवर क्रीमची फुलं काढत बसते. तरी शिवाजी पेठेत गेले की एखादा म्हातारा कट्ट्यावरून हाक मारतोच, "काय गं, उलट्या पट्टीवाल्याची पोरगी न्हवं तू?" साठी ओलांडून मी बरीच पुढे आलेय, मला सून आहे, गुडघे कुरकुरतात, आणि तिथे अजून मी पोरगीच. मला ते फार आवडतं. तुम्ही डावरे होता. पाना डाव्या हातात, हातोडी डाव्या हातात, आणि हँडलच्या मुठीवर जुन्या ट्यूबची पट्टी गुंडाळायची झाली की तिचे वेढे जगाच्या उलट दिशेने जायचे. रंकाळ्यावर पन्नास सायकली लावलेल्या असल्या तरी पेठेतला माणूस आपली सायकल मुठीवरून ओळखायचा. दुकानाला पाटी होती, पण ती कधी कुणी वाचली नाही. उलट्या पट्टीचं दुकान, एवढाच आपला पत्ता.

हे लिहायला बसण्याचं कारण आज सकाळी घडलं. पण ते पहिल्यांदा सांगितलं तर तुम्ही रागवाल. गोष्ट शेवटाकडून सुरू करायची माझी खोड, आणि तुम्ही म्हणायचात, "पोरी, आदी चाक काढ, मग पंक्चर हुडीक." तर आधी चाक काढते. मी मॅट्रिकला गणितात आपटले ते वर्ष. आईने मला शिवणाच्या क्लासला घातलं, तिथे पहिल्याच आठवड्यात मी मशीनच्या तीन सुया मोडल्या आणि बाईंनी आईला बोलावून सांगितलं की मुलगी गुणी आहे, पण तिला घरीच ठेवा. घरात माझं नाव धसमुसळी. माझ्या हातात कपबशी दिली की आई देवाचं नाव घ्यायची. शेवटी तुम्ही मला दुकानात बसवलंत, ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडा कुठून येतो ते बघायला. त्यात मोडण्यासारखं काही नव्हतं. रविवारी सामना झाला की पेठेतले फुटबॉलवाले ब्लॅडर घेऊन यायचे, त्यांचेही बुडबुडे मीच बघायची, आणि वर कोण हरलं त्याची चेष्टा करायची.

दुकानामागच्या परड्यात तुमचा दुसरा संसार होता. भंगारात निघालेल्या एसटीच्या खिडक्या तुम्ही हातगाडीवर घालून आणल्यात, लाकडी चौकटींत एकाशेजारी एक ठोकल्यात, वर प्लॅस्टिकचा कागद ताणलात आणि त्याला काचघर म्हणायला लागलात. उकाडा वाढला की एसटीत सरकवतो तशा खिडक्या सरकवायच्या, गार वारं सुटलं की लावायच्या. एका खिडकीबरोबर वरची पत्र्याची पट्टीही आली होती, तिच्यावर 'फक्त स्त्रियांसाठी' असं लिहिलेलं. आई कमरेवर हात ठेवून सगळं बघत होती. "अवं, ह्यात बसून आता कुठं जायाचं म्हनं?" "चंदगडला," तुम्ही तोंडातला खिळा न काढता म्हणालात. "मग मला जागा राखीवच हाय की," म्हणून ती पदर खोचून आत गेली आणि त्या पट्टीखाली एका उपड्या डब्यावर बसली. मग तुम्ही दोघं इतकं हसलात की शेजारच्या काकू भिंतीवरून डोकावल्या. आजही मला काचघर म्हटलं की आधी आई दिसते, खिडकीतून बाहेर बघणारी, प्रवासाला निघाल्यासारखी.

टोमॅटो तुमच्या डोक्यात घातला मामाने. गारगोटीजवळच्या त्याच्या रानात तीन वर्षं टोमॅटो मरत होता. सकाळी ताठ उभं असलेलं झाड दुपारी माना टाकायचं, पान हिरवंच्या हिरवं, आणि दोन-चार दिवसांत खलास. "दाजी, औंदा जर झाडं गेली तर माळवं बंद. सगळ्या रानात ऊस लावून मोकळा हुतो," असं मामा जेवताना म्हणाला आणि त्याचा घास तसाच हातात राहिला. मामाला माळव्याचा, म्हणजे भाजीपाल्याचा, भारी नाद. त्याला उसात बघणं म्हणजे गवयाला बँडमध्ये बघणं. आईचं तोंड उतरलं. आणि त्याच आठवड्यात शेतकी खात्यातून निवृत्त झालेले एक गृहस्थ पंक्चर काढायला आले. तुम्ही म्हणालात, "बसा पावणं," आणि मामाच्या रानाचं गाऱ्हाणं त्यांच्यापुढे मांडलंत. त्यांनी सांगितलं की ही मर मातीत असते आणि मुळावाटे झाडात शिरते; रानवांग्याचं मूळ तिला दाद देत नाही; वांगं आणि टोमॅटो एकाच भावकीतले, तेव्हा खाली रानवांगं ठेवून वर टोमॅटोचं कलम बांधता येतं. आणखी एक गोष्ट ते म्हणाले, की पाटाने पाणी सोडलं की रोग त्या पाण्याबरोबर एका झाडाकडून दुसऱ्याकडे चालत जातो. तुम्ही इतके रंगलात की पंक्चर मागच्या चाकात आणि तुम्ही खोलून ठेवलंत पुढचं.

दुसऱ्या दिवसापासून पंचगंगेच्या काठाने रानवांग्याचं बी गोळा करणं सुरू. पेठेत बातमी जायला वेळ लागत नाही. तालमीतले पैलवान चाकात हवा भरायला यायचे आणि विचारायचे, "काय अण्णा, आता वांग्याला टमाटं लावताय म्हनं? मग म्हशीला घोडं कधी लावताय?" तुम्ही म्हणायचात, "तुजं डोकं कुणाच्या तरी धडाला लावलं की मग बघू." पाण्याचा प्रश्न मात्र थट्टेचा नव्हता. नळाला पाणी सकाळचं थोडा वेळ यायचं, आणि आईने स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून निकाल दिला होता, "दिवसाला एक घागर. त्याच्यावर थेंब मिळायचा न्हाई." घागर एक आणि झाडं सोळा लावायची ठरलेली. तेव्हा तुम्ही तेलाचा पत्र्याचा डबा उंच फळीवर ठेवलात, त्याच्या बुडाशी भोकं पाडलीत आणि सायकलच्या व्हॉल्व्हमध्ये घालतात ती बारीक रबरी नळी प्रत्येक भोकातून एकेका झाडापर्यंत नेलीत. नळीला सैल गाठ मारायची. गाठ आवळली की थेंब हळू, सोडली की भरभर. एक घागर दिवसभर पुरायची आणि माती नुसती ओलसर राहायची. मामा बघून म्हणाला, "आमच्यात वर्नं धो धो पडतंय, आणि तुमी हितं मोजून पाजताय व्हय, दाजी?" तुम्ही म्हणालात, "पाटाला पाय असत्यात, पावणं. थेंबाला न्हाईत." तेव्हा मामा हसला. पुढे हे वाक्य त्याने स्वतःचं म्हणून सगळ्या तालुक्यात सांगितलं.

आता ते तुमचं रागावणं. रानवांग्याची रोपं पेन्सिलीएवढी जाड झाली तेव्हा तुम्ही एका रविवारी दुकान बंद ठेवून बसलात. दाढीच्या पात्याचा अर्धा तुकडा, ट्यूबच्या बुटाच्या नाडीएवढ्या बारीक पट्ट्या, आणि समोर लाल रंगाने नंबर टाकलेले आठ डबे. रानवांग्याचा शेंडा उडवायचा, देठाला मधोमध चीर द्यायची, टोमॅटोचा कोवळा शेंडा पाचरीसारखा तासून त्या चिरेत बसवायचा आणि वरून रबराची पट्टी गुंडाळायची. मी म्हटलं, मी करू का? तुम्ही पातं दिलंत. मी पहिल्याच रोपाची चीर इतकी खोल नेली की देठ खालपर्यंत उभा फाटला, त्या डब्यात दुसरं रोप लावावं लागलं. तुम्ही पातं माझ्या हातातून काढून घेतलंत आणि म्हणालात, "तुज्या हाताला धीर न्हाई. तू आपली पाण्याकडं बघ." ओरडला नाहीत. ओरडला असतात तर मी उलटून बोलले असते. 'फक्त स्त्रियांसाठी' लिहिलंय बघा, असं म्हणायचं अगदी ओठावर होतं. पण तुम्ही ते एखादा नट कितीचा आहे हे सांगावं तसं सांगितलंत, म्हणून ते मला खरं वाटलं. शिवणाच्या बाईंनी हाकललं तेव्हा मला काहीच वाटलं नव्हतं. त्या दिवशी मात्र फळीवरच्या डब्याआड तोंड करून मी नळ्यांच्या गाठी सोडत-बांधत बराच वेळ उभी होते.

कलमं बांधून झाली की त्यांना चार-सहा दिवस सावलीत, दमट हवेत ठेवावं लागतं. तुम्ही आईचं कोंबडी झाकायचं डालगं उचललंत, त्यावर ओलं गोणपाट टाकलंत आणि आठही डबे त्याखाली ढकललेत. कोंबडी चिडून तुमच्या सायकलच्या सीटवर जाऊन बसायला लागली. पाचव्या दिवशी तुम्ही डालगं उचललंत तर सहा कलमं तरतरीत; दोन अजून मलूल होती ती तुम्ही परत झाकलीत. काचघराच्या कोपऱ्यात गेल्या मोसमातलं एक साधं टोमॅटोचं झाड होतं, त्याच्यावर एकच लालबुंद फळ तुम्ही बीसाठी राखलं होतं. आणि अण्णा, त्या दुपारी तुम्ही जेवून दुकानाच्या फळीवर आडवे झाला असताना मी आत गेले. त्या झाडाची पानं काचेला घासू नयेत म्हणून जरा वळवून ठेवावं, असं मनात होतं. वळताना माझं कोपर सात नंबरला लागलं आणि वरचा टोमॅटोचा शेंडा टचकन तुटून मातीत पडला.

त्या क्षणी मला रडू यायला हवं होतं. आलं नाही. बाहेर तुमच्या घोरण्याचा आवाज, नळ्यांतून थेंब पडताहेत, आणि मी चौकटीत खोचलेलं पातं हातात घेतलं. कोपऱ्यातल्या झाडाची एक कोवळी फूट कापली. सात नंबरचा जुना सांधा उडवून रानवांग्याच्या देठाला खाली नवी चीर दिली, जेमतेम नखाएवढी. फूट तासली, बसवली, पट्टी गुंडाळली. इतके दिवस मी थेंब मोजले होते ना, एक पडला की दुसऱ्याची वाट बघायची, ती वाट बघण्याची सवय हाताला कधी लागली मला कळलंच नव्हतं. हात एकदाही हलला नाही. डबा डालग्याखाली, त्या दोन मलूल कलमांच्या मागे सरकवला आणि बाहेर येऊन अगदी साळसूदपणे बुडबुडे बघायला बसले. भीती होती, हे खरं. पण भीतीच्या खाली काहीतरी नाचत होतं, तेही तितकंच खरं.

संध्याकाळी तुमच्या लक्षात आलं ते भलतंच. बीसाठी राखलेला टोमॅटो गायब. तुम्ही झाडापाशी वाकून बघितलंत, डब्याच्या काठावरून बोट फिरवलंत, बोट जिभेला लावलंत आणि मोठ्याने म्हणालात, "अगं ऐकलंस काय, उंदीर झालाय. पेठेतला उंदीर हाय, मीठ लावून खातोय!" आई हसली. मी भाकरीत तोंड घातलं. तुम्ही खरोखर पिंजरा आणून लावलात, त्यात भजी ठेवलीत, आणि दोन दिवसांनी त्यात आपलीच मांजर अडकली. नंतर कितीतरी दिवस पानात कोशिंबीर आली की तुम्ही म्हणायचात, "मीठ बेतानं घाल, उंदराला खारट चालत न्हाई." खाई त्याला खवखवे म्हणतात, माझे कान तापायचे.

मग मामा आपल्या रानातल्या रोगट मातीची दोन पोती घेऊन एसटीने उतरला. आई म्हणाली, "घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं!" पण खरी परीक्षा त्या मातीतच होती. आठ कलमं आणि आठ साधी रोपं, सगळी डब्यांतच, पण मामाच्या मातीत लावली. जगली तर मामाचं माळवं जगलं, मेली तर ऊस. मामा महिनाभराने पुन्हा आला तेव्हा तुम्ही भंगाराच्या बाजारात गेला होता, आई आणि मी अंबाबाईला गेलो होतो. मामा घरात एकटा. पावण्यासारखं नुसतं बसून खाणं त्याच्या रक्तात नव्हतं. आम्ही परत आलो तर त्याने सोळाही झाडांना माती ओढून सुरेख भर दिलेली, प्रत्येक बुडख्याशी गोल वरंबा. टोमॅटो असो, वांगं असो, भर दिल्याशिवाय आपल्याकडे झाड मोठं करतात कुठे? तुम्हीसुद्धा खूश होऊन म्हणालात, "बघा, शेतकऱ्याचा हात कसा लगेच वळखू येतो." त्या वरंब्यांखाली आठही सांधे गाडले गेले होते, आणि त्यात काही वावगं आहे हे तुमच्या-आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं.

आधी साधी रोपं गेली. मला आठवतं, पहिल्या झाडाने मान टाकली तेव्हा तुम्ही टाळी वाजवलीत, कारण त्याच्या शेजारचं कलम ताठ होतं. मग एक कलम कोमेजलं. मग दुसरं. मग रोज एक. तुमची शीळ बंद झाली. एका गिऱ्हाइकाला तुम्ही चेन उलटी बसवून दिलीत. आई ताटात भात वाढता वाढता थांबायची आणि तुम्ही म्हणायचात, "पुरे." सात कलमं गेली. सात नंबर मात्र उभा होता, त्याला फुलंही आली होती, आणि त्याने तर तुम्ही जास्तच चिडलात, कारण एकाच मातीत, एकाच पाण्यावर हा एकटाच का? मला ठाऊक होतं का ते. म्हणजे कारण ठाऊक नव्हतं, पण त्याच्या बाबतीत वेगळं काय झालं ते ठाऊक होतं. मी गुन्हेगार होते ना. माझा सांधा सुटेल या धास्तीने मी रोज त्याची माती बोटाने बाजूला करून पट्टी बघायची, आणि माती परत नीट ओढायची राहून जायची. शेवटी तुमचा चेहरा बघवेना. म्हटलं, "अण्णा, सात नंबरचा सांधा उघडा हाय. बाकीच्यांचा मातीत हाय." तुम्ही एक मेलेलं कलम उपटलंत. सांध्याच्या वर, टोमॅटोच्या देठातून, पांढऱ्या मुळांची दाढी फुटली होती. गाडल्या गेलेल्या टोमॅटोने स्वतःचीच मुळं सोडली होती, आणि मर त्यांच्यातून आत शिरली होती. तुम्ही मातीत फतकल मारून बसलात आणि हसायला लागलात. "पावण्यानं माया केली आणि झाडं गेली!" मग हसू थांबवून विचारलंत, "सात नंबरची माती कुणी वढली?" "मी." "कशाला?" "सांधा बघायला." "रोज?" "रोज." तुम्ही माझ्याकडे बघितलंत, मग खाली वाकून त्या पट्टीकडे बघितलंत, बराच वेळ. उठून तोंड धुतलंत आणि आईला म्हणालात, भूक लागलीय.

त्यानंतरचं वर्ष म्हणजे नुसती जत्रा होती. मामाला समोर बसवून तुम्ही बजावलंत, "ह्याला भर द्यायची न्हाई. गळ्यापतूर माती गेली की झाड मेलंच म्हणून समजा." मामा म्हणाला, "आमच्या बापजाद्यानं..." तर आईनेच त्याला गप्प केलं. पुढल्या मोसमात मामाच्या रानात कलमांच्या दोन ओळी उभ्या राहिल्या, प्लॅस्टिकच्या छपराखाली, थेंबावर, आणि एकही मेलं नाही. पहिल्या तोड्याची टोपली तो एसटीत मांडीवर घेऊन आला. कंडक्टर म्हणाला, टोपलीचं अर्धं तिकीट काढा. मामा म्हणाला, काढतो, पण मग तिला खिडकी पायजे. आईने त्या टोमॅटोंचं सार केलं, चटणी केली, आणि उरलेले गल्लीत वाटले. उसाचं नाव मामाने परत काढलं नाही. आणि तुम्ही सात नंबरचा डबा दुकानाच्या दारात आणून ठेवलात. येणाऱ्या-जाणाऱ्याला, पैलवानांना, फुटबॉलवाल्यांना, त्या निवृत्त गृहस्थांना, सगळ्यांना वाकून दाखवायचात, "ह्या परड्यातला सगळ्यात भारी सांधा बघा. असा सांधा पुन्हा हुणं न्हाई." मी आत बुडबुडे बघत ऐकायची. मला आनंद व्हायचा आणि थोडा रागही यायचा. मनात म्हणायची, बघा, माझं काम स्वतःचं म्हणून मिरवताहेत. सांगून टाकावं, असं शंभरदा मनात आलं. पण तुम्ही इतके खुशीत असायचात की ती खुशी मोडायचं धाडस होईना. आयुष्यात एवढ्या वस्तू मोडल्या, ती एक नाही मोडली.

तुम्ही स्टुडिओतल्या फोटोग्राफरला बोलावून फोटोही काढून घेतलात. तो म्हणाला, टोमॅटो पुढे घ्या. तुम्ही म्हणालात, "टमाटं ऱ्हाऊ दे. सांधा दिसाय पायजे." डबा छातीशी धरलात, सांधा कॅमेऱ्यासमोर येईपर्यंत फिरवलात, आणि मला हाक मारून शेजारी उभं केलंत. मी तेलकट हात परकराला पुसत आले. पुढच्या रविवारी रोपं समोर घेऊन बसलात आणि पातं माझ्यापुढे धरलंत. "धर. आता माज्या डोळ्यास्नी बारीक दिसंना झालंय." मी धरलं. त्या रविवारी मी वीस कलमं बांधली आणि वीसच्या वीस लागली. पुढे लग्न होऊन मी गारगोटीकडेच गेले, नवऱ्याच्या परड्यात डालग्यावर सुरू केलं, आणि आज आमची रोपवाटिका आहे, मोठ्या शेडची, लांब लांब नळ्यांची. लोक लांबून रोपं न्यायला येतात. तुमच्या डोळ्यांचं म्हणाल तर तुम्ही जाण्याच्या आदल्या वर्षापर्यंत चष्म्याशिवाय पेपरातल्या छोट्या जाहिराती वाचत होता, हे मला इतकी वर्षं का खटकलं नाही, कोण जाणे.

आता पंक्चर. माझी सून डावरी आहे. आमच्या घरात तुमच्यानंतर तीच. आज सकाळी तिने रोपवाटिकेच्या ऑफिसातला तो फोटो काच बदलायला खाली काढला आणि खिडकीपाशी उजेडात धरून बघत राहिली. म्हणाली, "आई, हे कलम आजोबांचं न्हाई." मी म्हटलं, काहीतरीच काय. ती म्हणाली, "अवो, पट्टी बघा की. आजोबा माज्यासारखंच डावरं न्हवं? मी गुंडाळली तर वेढं हिकडनं चढत्यात. हे तर तुमच्यागत चढल्यात." मी चष्मा लावून बघितलं. काळ्यापांढऱ्या फोटोत, तुमच्या छातीपाशी, अगदी मध्यभागी, तुम्ही फिरवून फिरवून समोर आणलेला तो सांधा, आणि त्याच्यावर माझे उजव्या हाताचे वेढे. अख्खी पेठ तुमची सायकल पट्टीवरून ओळखायची, अण्णा, आणि मला वाटत होतं की तुम्ही स्वतःची पट्टी ओळखणार नाही! तुम्हाला त्या दिवशीच कळलं होतं, मातीत वाकून बघितलंत तेव्हाच. आणि मग दुकानाच्या दारात उभं राहून वर्षभर तुम्ही पेठेला सांगत होता, ते माझं कौतुक होतं. 'माजा सांधा' असं तुम्ही एकदाही म्हणाला नव्हता. मी खुर्चीवर बसले आणि मोठमोठ्याने हसले, आणि हसता हसता रडले, आणि सून घाबरून पाणी घेऊन आली. धीर नाही म्हणालात ते एक वाक्य मी इतकी वर्षं उराशी धरून बसले होते. तुम्ही ते कधीच परत घेतलं होतंत, तेही भर रस्त्यावर, मला ऐकू येईल अशा आवाजात.

हे पत्र कुठे टाकायचं नाहीच आहे. सात नंबरचा डबा अजून माझ्याकडे आहे, त्यात मी रबराच्या पट्ट्या ठेवते, त्यातच घडी करून ठेवीन. पण तुम्हाला एवढं सगळं आधीच माहीत होतं, तर आता लपवून काय करू? त्या दुपारी मी पानं काचेला घासू नयेत म्हणून झाड वळवायला गेले नव्हते. तुमचा उंदीर मीच होते, अण्णा, मूठभर मीठ घेऊन आले होते. टोमॅटो गोड होता. मीठ मात्र जरा जास्त झालं.